ठरेपर्यंत कुणाला सांगू नका

आमच्या ऑफिसात जुन्या फायली ठरावीक वर्षांनी मशीनमध्ये घालून बारीक कराव्या लागतात. किश्श्यांसाठी असलं मशीन अजून कुणी काढलेलं नाही, त्यामुळे ते साठत जातात. फाईल बंद होते, माणूस दुसऱ्या गावी जातो, पण त्याने फोनवर म्हटलेलं एखादं वाक्य भांडी घासताना मध्येच आठवतं. अशी बरीच वाक्यं जमली की जीव जड होतो. म्हणून आज चहा ठेवलाय. बसा.

मी लीना, मूळची वसईची. मुंबईत बारा वर्षं बँकेत काढली, मग लग्न होऊन सिडनीला आले आणि पॅरामॅटाला एका मॉर्गेज ब्रोकरकडे चिकटले. ब्रोकर म्हणजे लोकांना घरासाठी बँकेकडून कर्ज मिळवून देणारा. मालक निक, लेबनीज. ऑफिसात माणसं दोनच, तो आणि मी. मराठी गिऱ्हाईक आलं की निक माझ्याकडे बोट दाखवतो. "युअर मॉब, लीना." म्हणजे तुझी माणसं.

कोविड आला तेव्हा सगळे म्हणाले, आता घरं स्वस्त होणार. झालं भलतंच. व्याज तळाला गेलं आणि किमती आभाळाला टेकल्या. लोक मास्क लावून घरं बघायला धावले. मग व्याज चढायला लागलं आणि तेच लोक आमच्या ऑफिसात मास्कशिवाय येऊन गप्प बसायला लागले.

या सगळ्या काळात प्रत्येक मराठी गिऱ्हाइकाचं फोन ठेवतानाचं वाक्य एकच असायचं. "ताई, ठरेपर्यंत कुणाला सांगू नका हं." पुण्याचा असो, ठाण्याचा असो, आमच्या वसईचा ख्रिस्ती असो. देव वेगवेगळे, दृष्ट लागायची भीती मात्र सारखी. मीही कधी कुणाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नको, ते तुम्हीच ठरवा.

*

आधी जरा हलकं सांगते. दोन सख्खे भाऊ होते, दोघे इंजिनिअर, दोघे आमचे गिऱ्हाईक. थोरला सोमवारी फोन करायचा आणि धाकटा बुधवारी. थोरला म्हणायचा, "ताई, धाकट्याला एवढ्यात कळू देऊ नका." धाकटा म्हणायचा, "ताई, दादाला सरप्राइज द्यायचंय."

दोघांनी एकाच रस्त्यावर घर घेतलं. मधे तीन घरं.

घर ताब्यात घ्यायच्या आधी शेवटचं एकदा बघायला जायचं असतं. लॉकडाऊनमुळे एका वेळी एकालाच आत सोडायचे. थोरला आपलं बघून बाहेर आला, तर समोरून धाकटा येतोय. दोघांच्या तोंडावर मास्क, पण भावाची चाल काय लपते?

"तू इथे कुठे?"

"मित्राचं घर बघायला आलोय. तू?"

"मी पण मित्राचंच."

इतकं बोलून दोघे आपापल्या गाडीत बसून निघून गेले. पंधरा दिवसांनी एकाच दिवशी आमच्या ऑफिसात पेढ्यांचे दोन बॉक्स आले, एकाच दुकानातले. निक म्हणाला, "तुम्ही लोक चोरी करता की घर घेता?"

तेव्हा मी हसले होते. पुढचं माहीत असतं तर हसले नसते.

*

डॉक्टर अस्मिता पुण्याची. सिडनीत शिकली आणि शेजारच्या राज्यात, टूवूंबाच्या हॉस्पिटलात तिला नोकरी लागली. राज्यांच्या सीमा बंद होत्या, त्यामुळे जाऊन घर बघायची सोय नाही. शहरातली माणसं घरून काम करता येतं म्हणून गावांकडे सुटली होती, आणि टूवूंबातही घरं टिकत नव्हती. अस्मिताने फोनवर व्हिडिओ बघून घर घेतलं. त्यात भाडेकरू होता, त्याला जायची नोटीस देऊन मालकाने घर मोकळं करून दिलं.

ती राहायला गेली आणि मला फोटो पाठवले. मागच्या अंगणात गुलाबच गुलाब. "ताई, कुणीतरी काय माया केलीय या झाडांवर."

दोनेक महिन्यांनी तिचा दुपारी फोन आला. आवाज बसलेला. इमर्जन्सीत एक म्हातारा आला होता, पायाची जखम चिघळलेली. बरेच दिवस आपल्या जुन्या यूटमध्ये, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीत, झोपत होता. गावात भाड्याचं घर परवडेना आणि गाव सोडवेना. अस्मिताने त्याचा फॉर्म हातात घेतला. पत्त्याच्या जागी तिच्याच घराचा पत्ता.

तिने विचारलं, इथे राहता का? तो ओशाळून म्हणाला, "आता नाही, लव्ह. पण फॉर्मवर काहीतरी लिहावं लागतं ना. दुसरा पत्ताच नाही."

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"ताई, मी त्याला म्हटलं, गुलाबांना रोज पाणी घालते."

*

आता ॲल्विनची गोष्ट. ती सांगायचीच म्हणून तर बसवलंय तुम्हाला.

ॲल्विन आणि त्याची बायको रोझी वसईचे, आमच्याच चर्चमधले. तो बँकेच्या आयटीत आणि ती हॉस्पिटलात पॅथॉलॉजीला. दोन बेडरूमचं भाड्याचं घर, लाल विटांच्या तीन मजली बिल्डिंगमध्ये अगदी वर. लिफ्ट नाही. ॲल्विनची आई, फिलूमावशी, तीन महिन्यांसाठी म्हणून नातीला बघायला आली आणि सीमा बंद झाल्या. ती इथेच राहिली. वसईला तिचं कुणी उरलं नव्हतं, मग ॲल्विनने तिच्या कायमच्या व्हिसाचा अर्ज टाकला.

मावशींचे गुडघे गेलेले. खाली उतरायचं तर चाळीस पायऱ्या. एकदा त्या लस घ्यायला उतरल्या आणि दोनदा डॉक्टरकडे. एरवी हॉलमधल्या सोफ्यावर झोपायचं आणि दिवसभर खिडकीत बसायचं. जन्मभर वाडीत केळीला पाणी सोडलेली बाई ती. मला म्हणायच्या, "लीना, मला काय पाहिजे गं? सकाळी उठून मातीवर पाय ठेवता आला म्हणजे झालं."

त्यांचा धाकटा मुलगा कॅनडात, ब्रॅम्प्टनला. त्याने नुसत्या नकाशावर बघून, बांधायच्या आधीच फ्लॅट घेतला होता. बांधून होईतो तिथला बाजार पडला, बँक म्हणाली आता याची किंमत तेवढी नाही, आणि वरचे पैसे उभे करताना त्याची गाडीही गेली. मावशींनी त्याला फोनवर विचारलं, "तुझं तरी घर जमिनीवर आहे ना रे?"

"आई, बाविसाव्या मजल्यावर आहे."

मावशींनी फोन रोझीच्या हातात दिला. "दोन लेकरं, दोन देशांत, आणि दोघंही अधांतरी."

तर ॲल्विनला घर हवं होतं ते आईला खाली उतरवायला. मी म्हटलं, तोवर तळमजल्याचं भाड्याचं बघ. तो म्हणाला, "ताई, भाड्याचं आज आहे, उद्या मालकाने विकलं. तिला एकदाच उतरवीन, ते आपल्या घरात."

घरं बघायची ती फोनवर. एजंट किचन दाखवायचा, ओव्हन दाखवायचा. मावशी मागून म्हणायच्या, "त्याला विचार, दाराला पायरी आहे का?" पायरी असली की त्यांच्या लेखी घर बाद. शेवटी शेवटी एजंटच फोन लावून आधी सांगायचे, "टेल युअर मम, टू स्टेप्स." अशी कितीतरी घरं गेली. काही पायरीपायी आणि बरीचशी किमतीपायी.

*

त्यांच्या समोरच्या दारात विवेक आणि मेघा राहायचे. पुण्याचे. विवेक कॉन्ट्रॅक्टवर सॉफ्टवेअरमध्ये, मेघा चाइल्डकेअरमध्ये. त्यांची मुलगी आणि ॲल्विनची मुलगी एका वर्गात. लॉकडाऊनमध्ये मुलींची शाळा एकाच टेबलावर भरायची, एक आठवडा या घरी, एक आठवडा त्या घरी. नियमात बसत नव्हतं, पण दोन दारांत चार पावलं अंतर, कोण बघतंय. मेघा पुरणपोळी केली की दाराच्या मुठीला पिशवी अडकवून जायची. मावशी तिला सांदणं पाठवायच्या. मावशींचे केस मेघाच विंचरून द्यायची, कारण रोझीच्या शिफ्टचा काही नेम नसायचा.

मेघालाही घर हवं होतं. फोनवर मला म्हणाली, "ताई, ठरेपर्यंत कुणाला सांगू नका. रोझीला तर अजिबात नको. तिचं जमत नाहीये आणि आमचं झालं तर तिला वाईट वाटेल. झालं की मीच सांगेन."

आणि रोझी म्हणाली, "ताई, मेघाला कळू देऊ नका. इतक्या वेळा हुकलंय, आता बोलायचीही भीती वाटते."

एका मंगळवारी रोझीने मला टूंगॅबीच्या एका घराची लिंक पाठवली. जुनं, एकमजली, मागे मोकळी जमीन. "ताई, पायरीच नाही. पुढे नाही, मागेही नाही. आई कालपासून जेवताना त्याच घराविषयी बोलतेय."

गुरुवारी विवेकची लिंक आली. तेच घर.

मी निककडे गेले. "दोघंही माझे आहेत, आणि एकमेकांसमोर राहतात."

निकने पेन खाली ठेवलं. "कॉन्फिडेन्शियल, लीना. एकाचं दुसऱ्याला सांगितलंस तर कुणाचा तरी गळा कापशील. आणि आपलं लायसन्सही जाईल." त्याचं बरोबर होतं. बरोबर होतं याचा राग मला अजून येतो.

मी आपली आडून गेले. रोझीला म्हटलं, हे महाग जाईल गं, दुसरं बघ. ती म्हणाली, "ताई, पण याला पायरी नाहीये ना." विवेकला म्हटलं, जरा थांब, बाजार उतरेल. तो म्हणाला, "सगळे असंच म्हणत थांबले आणि मागे राहिले."

शनिवारी सकाळी ऑनलाइन लिलाव. मी घरी गराजमध्ये वॉशिंग मशीनशेजारी लॅपटॉप लावून बसले. पडद्यावर माणसांची नावं नसतात, फक्त नंबर. पण दोघांनी नोंदणीची ईमेल मला पाठवली होती. विवेक चार, ॲल्विन नऊ. समोरचा नंबर कुणाचा ते त्यांना माहीत नव्हतं. मला होतं.

बाकीचे लवकर गळले. मग चार आणि नऊ, चार आणि नऊ. मधेच ॲल्विनचा फोन. "ताई, अजून किती ताणता येईल?" मी आकडा सांगितला. तो ठेवते तोच विवेकचा. "ताई, आमची वरची हद्द किती?" मी तीही सांगितली. माझं कामच होतं ते. दोन दारांत चार पावलं अंतर, आणि त्या दोन दारांच्या आड बसून दोघे एकमेकांचा गळा आवळत होते. मधे मी.

ॲल्विन त्याच्या हद्दीच्याही पुढे दोनदा गेला. म्हणाला, रोझीचे दागिने आहेत. मग विवेकने शेवटची एक बोली लावली, अगदी कडेलोटावरची. नऊ नंबर थांबला. घर गेलं.

मी लॅपटॉप मिटला आणि रडले. माझा नवरा बेनी मशीनमधले कपडे काढायला आला, तो तसाच मागे फिरला.

तासाभराने रोझीचा फोन आला. रडून झालं होतं तिचं. म्हणाली, "गेलं ताई. कोण तो चार नंबर, ऐकेचना." मग म्हणाली, "मघाशी मेघाकडे सगळे ओरडले आनंदाने. काहीतरी चांगलं झालंय त्यांच्याकडे. मी आईला म्हटलं, सांदणं उरलीत ती देऊन येते."

*

मेघाने शब्द पाळला. घर ताब्यात आल्यावर तिने आधी रोझीलाच सांगितलं, मिठी मारून. पत्ता मात्र वास्तुशांतीच्या आमंत्रणाबरोबर व्हॉट्सॲपवर आला.

रोझीने मला फोन केला. हॅलो नाही, काही नाही. "ताई, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"त्या दिवशीही माहीत होतं?"

"हो, रोझी."

तिने फोन ठेवला. दोन महिने माझ्याशी बोलली नाही. चर्चमध्येही दुसऱ्या बाकावर बसायची. मला ते योग्यच वाटायचं.

वास्तुशांतीला मात्र ॲल्विन आणि रोझी दोघे आले. मावशींनी त्यांना बजावून पाठवलं होतं. "त्यांना कळता कामा नये. कळलं तर बिचाऱ्यांना त्या घरात घास गोड लागणार नाही." स्वतः आल्या नाहीत. गुडघ्याचं कारण सांगितलं.

मी तिथे होते. विवेक सगळ्यांना घर दाखवत फिरत होता. ॲल्विन मागच्या दारात उभा राहिला. त्याने बूट काढले, पाय बाहेर ठेवला, आत घेतला, परत बाहेर ठेवला. विवेक त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बघ ना, एक पायरी नाही. मावशींना आण की रे. त्यांना आवडेल."

"आणतो," ॲल्विन म्हणाला.

पुढे वर्षभर मेघा दर रविवारी मावशींना बोलवायची, आणि मावशी दर रविवारी म्हणायच्या, "पुढच्या रविवारी बघू, बाय." मेघाला वाटायचं, मावशी आपल्याला विसरल्या. एकदा मला तिने तसं बोलूनही दाखवलं. त्याहीवेळी मी गप्पच बसले.

*

मग व्याज चढायला लागलं. जवळजवळ दर महिन्याला थोडं. विवेकने कडेवर उभं राहून कर्ज घेतलं होतं, त्यात त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि कंपनीने वाढवलं नाही. मेघाने शनिवारचंही काम धरलं. पण नाही पुरलं. ॲल्विनचं तरी काय, व्याज वाढलं तसं बँक त्याला आधीच्या निम्म्याच्या जरा वर कर्ज द्यायला तयार होती. त्याने घरं बघणंच सोडलं होतं.

विवेक ऑफिसात येऊन माझ्यासमोर बसला. दुसरी बँक, तिसरी बँक, सगळं करून झालं होतं. निकनेही हात टेकले. विकणं एवढंच उरलं होतं.

मी कागद काढत होते तेव्हा तो अचानक म्हणाला, "ताई, त्या दिवशी तो नऊ नंबर होता ना. तो जरा आधी थांबला असता तर आज आम्ही तरलो असतो हो. मला एकदा भेटायचंय त्याला. शिव्या द्यायला नाही. नुसतं विचारायचंय, एवढं काय अडलं होतं रे बाबा तुझं?"

प्रिंटरमधला कागद अडकला नव्हता, तरी मी त्याचं झाकण उघडून आत बघत राहिले.

*

या खेपेला लिलाव घराच्या पुढच्या हिरवळीवर झाला, माणसांसमोर. कोविडची बंधनं उठली होती. मीही गेले. गिऱ्हाइकं आता पूर्वीसारखी नव्हती. बघे वीसेक, बोली लावायला नोंदणी केलेले दोन. एक तरुण चिनी जोडपं. आणि ॲल्विन.

"तू कशाला नाव दिलंस?" मी त्याला विचारलं. "तुझं कर्ज मंजूर नाही."

"माहितीय, ताई."

त्याच्या बाजूला घडीच्या खुर्चीवर फिलूमावशी बसल्या होत्या. सकाळी ॲल्विन आणि तळमजल्यावरचा एक नेपाळी शेजारी, दोघांनी त्यांना किचनच्या खुर्चीत बसवून चाळीस पायऱ्या उतरवलं होतं. त्यांनीच हट्ट धरला होता. "विकायच्या आधी एकदा बघू दे मला." चपला काढून त्यांनी पाय गवतावर ठेवले होते.

मेघा आत होती, तिला बघवत नव्हतं. विवेक मालक म्हणून पुढे एजंटजवळ असायला हवा होता. तो आमच्याच मागे गराजच्या भिंतीला टेकून उभा होता. आम्ही वळून पाहिलं नाही, म्हणून कळलं नाही.

जोडप्याने बोली लावली आणि गप्प झालं. दुसरं कुणी नाही. लिलाववाला विनवून थकला. त्या आकड्यात विवेकचं कर्जसुद्धा फिटत नव्हतं. घर जाऊन वर देणं उरणार होतं. लिलाववाला एकदा म्हणाला, दोनदा म्हणाला.

ॲल्विनने हात वर केला.

जोडप्याने एकमेकांकडे पाहिलं आणि पुढची बोली लावली. ॲल्विनने परत हात वर केला. ते दोघं आता थांबले तर घर ॲल्विनच्या गळ्यात पडणार होतं, आणि तो जन्मातून उठला असता. मैत्रीपायी करत होता, की आई तिथे गवतात पाय सोडून बसलीय म्हणून हात आपोआप वर जात होता, मला कळेना. त्यालाही कळत होतं का कोण जाणे.

जोडप्यातली मुलगी नवऱ्याच्या कानात काही बोलली. त्याने मान हलवली आणि अजून एक बोली लावली. आता जेमतेम विवेकचं कर्ज फिटत होतं.

ॲल्विनचा हात परत निघाला.

मावशींनी त्याचं मनगट धरलं. घट्ट धरून आपल्या मांडीवर ओढून ठेवलं. "पुरे, बाळा," त्या म्हणाल्या. "मागच्या खेपेला याच घरासाठी बोली लावत होतास, तेव्हा हात धरला नाही मी तुझा."

लिलाववाल्याने कागदाची गुंडाळी हातावर आपटली. थोड्या टाळ्या वाजल्या. मी वळले आणि भिंतीशी विवेक दिसला. मावशींचं बोलणं त्याने ऐकलं होतं. त्याचा चेहरा मी पाहिला आणि मान खाली घातली.

तो पुढे आला. ॲल्विन उठून उभा राहिला. विवेक त्याच्याकडे बघत राहिला. मग मावशींसमोर उकिडवा बसला आणि त्यांच्या पायाला लागलेलं गवत हाताने पुसायला लागला.

"मावशी," तो म्हणाला, "आत चला. ताबा द्यायला सहा आठवडे आहेत, तोवर हे घर आमचंच आहे."

संध्याकाळी ॲल्विन मावशींची बॅग घेऊन आला. मेघाने त्यांचा पलंग मागच्या दाराजवळ टाकला होता.